कार्डावरचा तांदळाचा दाणा

१

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर मंठ्याला चला. बसस्थानकावरून बाजाराकडे वळलात की बियाणं-खतांची दुकानं लागतात. त्यातलं एक मूलचंदशेठचं. खाली दुकान, वर शेठचं घर, आणि मागच्या अंगाला गोदामाला चिकटून एक पत्र्याची खोली. त्या खोलीत तुमच्याच वयाची एक मुलगी आईबरोबर राहते. नाव आकांक्षा. तिची आई दैवशाला वर शेठच्या घरी स्वयंपाकाला आहे. वडील नाहीत. ते का नाहीत हे ती कुणाला सांगत नाही, म्हणून आपणही विचारायचं नाही.

आता असं समजा, की ती मुलगी तुम्हीच आहात. सकाळची शाळा सुटली, दप्तर पाठीवर, पोटात भूक. खोलीचं दार सताड उघडं. आत परातीत कणीक अर्धीच मळलेली, वरून सुकून तडे गेलेली. परातीच्या कडेला आईच्या बोटांचे पिठाळ ठसे. आणि आई नाही.

आता डोळे उघडा. पुढचं तिच्या मागोमाग चालत बघू.

"आक्के, आत नको जाऊ. इकडं ये," गोदामाच्या दारातून कडूबा म्हणाला. कडूबा शेठच्या दुकानातला जुना माणूस. पोती उचलायची, टपाल घ्यायचं, सिलिंडर वर न्यायचं, सगळं त्याच्याकडे. "पोलीस आल्ते. तुझ्या आईला घेऊन गेले."

"कशापायी?"

"दादीच्या खात्यातले पैसे गेले म्हनं. आपरेशनचे. समदे."

दादी म्हणजे धापूबाई, शेठची आई. तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठीचे पैसे तिनं स्वतःच्या खात्यात राखून ठेवले होते. दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला, म्हणून शेठनं तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. तिच्या उशाशी ते स्वतः बसून राहिले. काल दोघं परत आले. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर केला तर आमच्या हातात काही राहणार नाही. आज सकाळी शेठ पैसे भरायला बँकेत गेले, तर खातं रिकामं. दादी दवाखान्यात असताना कुणीतरी मंठ्याच्याच एटीएममधून रोज थोडे थोडे पैसे काढले होते.

दादीचं कार्ड घरच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली दैवशालाकडे. आणि दादीला मशीनची बटणं दाबता येत नसत, म्हणून पैसे काढायला ती दैवशालाला सोबत न्यायची. कार्डाचा चोरनंबर, म्हणजे पिन, घरच्यांशिवाय ठाऊक असलेली ती एकटीच. एवढं पुरेसं झालं.

शेठ दुकानातून मागं आले. चेहरा उतरलेला. "पोरी, धावड्याला तुझ्या मामाला फोन लाव. दिवे लागायच्या आत मी ठाण्यात जाऊन फिर्यादीवर सही करनार. मंग तुझ्याजवळ इथं कोन राहनार?"

मामाच्या दोन्ही मुली शाळा सोडून शेळ्यांमागे जात होत्या. मामा वाईट नव्हता. पण एकदा धावड्याला गेलं की दप्तर खुंटीला लागणार, हे आकांक्षाला पक्कं ठाऊक होतं.

तिनं मामाला फोन केला नाही. ती पलीकडच्या गल्लीत पळाली.

२

पलीकडच्या गल्लीत उषाबाई राहायच्या. अंबडच्या एका बँकेतल्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता रविवारी ओसरीवर पोरं गोळा करून त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर चेक लिहायला शिकवत. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा का मारायच्या? म्हणजे पैसे खात्यातच जातात, कुणाच्या हातात पडत नाहीत. अक्षरी रकमेपुढं 'फक्त' का लिहायचं? म्हणजे मागून कुणाला शेपूट जोडता येत नाही. पोरं हसायची, पण लक्षात ठेवायची.

"उषाआजी," आकांक्षा धापा टाकत म्हणाली, "आईनं चोरी केली न्हाई, हे कसं सिद्ध करायचं ते शिकवा."

उषाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मलाही आधी शिकावंच लागंल. थांब, चप्पल घालते."

वरच्या खोलीत धापूबाई पलंगावर तक्क्याला टेकून होत्या. ओठ निळसर. एकेका शब्दाला श्वास पुरवत होत्या.

"बँकवाली बाई का? या. माझा जीव दैवशालावर शक घेत न्हाई. पन मूलचंद म्हनतो, चाबी तिच्याकडंच होती."

"एटीएमच्या कॅमेऱ्यात कोण दिसतंय?" उषाबाईंनी शेठना विचारलं.

"डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. कोन ते कळत न्हाई. पोलीस म्हनतात, दैवशालानंच कुनाला तरी कार्ड देऊन पाठवलं."

"ते कार्ड बघू द्या."

शेठनं कपाटातून कागदी पाकीट काढलं. "पोलिसांनी उघडून बघितलं, आहे म्हनले, ठिवून दिलं."

उषाबाईंनी कार्ड कडेनं धरून अलगद बाहेर ओढलं. आकांक्षा त्यांच्या कोपराजवळून बघत होती. कार्डावरचा तो छोटा सोनेरी चौकोन, ज्याला चिप म्हणतात, तो दिसतच नव्हता. त्यावर वाळून कडक झालेलं कुंकू होतं. आणि कुंकवात तांदळाचा एक दाणा आडवा रुतून बसला होता.

"लक्ष्मीपूजनाचा टिळा," धापूबाई म्हणाल्या. "सोन्याचा चौकोन असतो ना तो, लक्ष्मी तिथंच बसती. म्हनून दर साली तिथंच कुंकू, तूप अन् वरून अक्षता."

"पुसत न्हाई का मग?" उषाबाईंनी विचारलं.

"आपन पुसायचा नसतो. पैसे काढायला निघालो की दैवशाला ओल्या फडक्यानं पुसायची. आधी माझ्या पाया पडायची, मंग पुसायची. या साली गेलोच कुठं? दिवाळी झाली अन् मी झोपलेच."

उषाबाईंनी कार्ड पुन्हा पाकिटात सरकवलं, दाण्याला धक्का न लावता. मग आकांक्षाकडे वळून हळूच विचारलं, "काय बघितलंस?"

"तांदूळ."

"विसरू नको." आणि मग मोठ्यानं, "मूलचंदजी, मला घरातल्या सगळ्यांशी बोलायचंय. अन् घोटभर चहा मिळाला तर बरं होईल."

३

चहा टाकायला शेठची सून रुचि उठली. उषाबाई तिच्या मागं स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. आकांक्षा दाराशी उभी राहिली. आईचा पदर जिथं रोज खोचलेला दिसायचा त्या ओट्याकडे तिला बघवेना.

"मला बी विचारनार का?" रुचि म्हणाली. तिच्या हातात नवा मोबाईल होता, तो तिनं पटकन डब्यामागं ठेवला. "विचारा. मी ऑनलाइन साड्या विकते, त्याचे आहेत. दादीचा एक रुपया न्हाई त्यात."

"मी कुठं काय म्हणाले? गॅस बारीक कर, चहा उतू जाईल."

"जाऊ द्या. गॅसला काय तोटा?" रुचिनं ओट्याखालच्या सिलिंडरला पाय लावून दाखवला. "फराळ करायचा म्हनून दिवाळीआधी मी दोन्ही टाक्या भरून घेतल्या. कडूबाकाकांनी वर आनून लावल्या. दुसऱ्या टाकीचं सील अजून तोडलं न्हाई. दैवशालामावशी फार हात राखून गॅस वापरायची हो. आता ह्या घरात कोन करील तसं?" आणि तिचे डोळे भरून आले. खरे की खोटे, हे आकांक्षाला ओळखता आलं नाही.

तेवढ्यात अंकित आत डोकावला. रुचिचा नवरा, शेठचा एकुलता मुलगा. दुपारी गल्ल्यावर बसायचा. हातातल्या मोबाईलमधून कसल्यातरी मॅचचा कल्ला ऐकू येत होता.

"आक्के, तू जेवली का? रुचि, हिला काही दे. साखर... बिस्किटं कुठं असतात आपल्याकडं?"

"बघा," रुचि उषाबाईंना म्हणाली, "लग्नाला दोन वर्सं झाली, बिस्किटं कुठं असतात ते माहीत न्हाई. स्वयंपाकघरात पाय ठेवला तर धर्म बुडतो ह्यांचा."

अंकित हसला. आकांक्षालाही बरं वाटलं. अंकितभैया नेहमीच असा होता. दिवाळीनंतर त्यानं तिला एक कंपासपेटी आणून दिली होती, आत आरसा असलेली. ती रात्री उशाखाली घेऊन झोपायची.

"पैसे गेले त्या दिवसांत तुम्ही कुठं होतात?" उषाबाईंनी विचारलं.

"कधी दुकानात, कधी जालन्याला डबा घेऊन. कडूबाकाका बी जाऊन यायचे. रुचि बी. सगळेच जाऊन-येऊन होतो हो, उषाबाई. दैवशालामावशीच तेवढी घरात होती." त्यानं आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "मला बी वाईट वाटून राह्यलं. पन काय करनार?"

खाली कडूबाला गाठलं तेव्हा तो आधीच तापलेला होता.

"माझ्या पोरीचं लगीन झालं म्हनून माझ्यावर डोळा का? शेठकडून उसने घेतले, साऱ्या बाजाराला ठावं हाय."

"लग्नाचं न्हाई विचारत. टपाल तुम्हीच घेता ना? दिवाळीच्या आगंमागं दादीच्या नावानं बँकेचं काही आल्तं?"

कडूबानं मान खाजवली. "आल्तं एक. जाड लिफाफा, सही करून घेतला. मला काय इंग्रजी येतंय? गल्ल्याजवळच्या ट्रेत टाकला. तिथून ज्याचं त्यो घेतो."

उषाबाई जिना चढता चढता मध्येच थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"आजी, दम लागला का?"

"न्हाई गं. उत्तर सापडलं म्हणून पाय थांबले."

४

घरातले सगळे दादीच्या खोलीत जमले. खिडकीतून येणारं ऊन आता पिवळं पडत चाललं होतं. शेठ सारखं घड्याळाकडे बघत होते.

"मशीनमध्ये कार्ड कसं जातं?" उषाबाईंनी आकांक्षाला विचारलं. रविवारच्या वर्गात विचारतात तसंच.

"चिपची बाजू पुढं करून. फटीत."

"फट किती मोठी?"

"कार्ड बसंल एवढीच."

"मग कुंकवात रुतलेला तांदळाचा दाणा आत जाऊन तसाच्या तसा बाहेर येईल?"

"न्हाई! घासून पडंल. अन् कुंकू असल्यावर मशीन कार्ड वाचणारच न्हाई."

"म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर हे कार्ड कुठल्याही मशीनमध्ये गेलेलं न्हाई," उषाबाई शेठना म्हणाल्या. "किल्ली दैवशालाकडं असो नाहीतर आणखी कुणाकडं. ह्या कार्डानं चोरी झालेलीच न्हाई."

"मंग पैसे काय उडून गेले?" शेठ चिडले. "बँकेचे मेसेज आहेत! कार्डानंच काढलेत!"

"तेच बघू. मांजी, तुमचा फोन द्या."

फोन म्हणजे बटणांचा जुना डबडा. दवाखान्याच्या गडबडीत तो कपाटात राहिला, बॅटरी संपून बंद पडला आणि काल चार्ज केल्यावर त्यातले मेसेज धडाधडा आले. एरवी संध्याकाळी दादीच्या पलंगाशी बसून गृहपाठ करता करता आकांक्षाच ते वाचून दाखवायची. बँकेचे, रिचार्जचे, गॅसवाल्याला सांगायचा नंबर, सगळे.

"पैसे काढल्याच्या मेसेजमध्ये कार्डाचे शेवटचे आकडे असतात. वाच. अन् हे हातातल्या कार्डाचे वाच."

आकांक्षानं वाचले. पुन्हा वाचले. जुळत नव्हते.

"दुसरं कार्ड!" रुचि किंचाळली.

"दुसरं कार्ड," उषाबाई म्हणाल्या. "ह्या जुन्याची मुदत याच वर्षी संपते, इथं छापलंय बघा. मुदत संपायच्या आधी बँक आपणहून नवं कार्ड टपालानं पाठवते. दिवाळीआधी कार्डाचे म्हणून काही पैसे कापलेलेही असतील."

"कापले होते मेल्यांनी," धापूबाई पुटपुटल्या. "आक्कीनं वाचून दाखवलं तव्हा मी बँकेला शिव्या दिल्त्या."

"तोच जाड लिफाफा. कुणीतरी ट्रेमधून उचलला. पण नव्या कार्डाला जुना पिन चालत न्हाई. नवा करावा लागतो. मशीनपुढं उभं राहायचं, खाते नंबर टाकायचा, आणि मग बँक ज्याचं खातं त्याच्या फोनवर एक आकडा पाठवते. तो आकडा मिळाला तरच पिन होतो." बोलता बोलता त्या बटण दाबत मागे मागे जात होत्या. एका मेसेजवर थांबल्या. "हा बघा. भाऊबीज होऊन गेल्यावरचा. मांजी, तुम्हाला वाचता येत न्हाई. मग हा कुणी वाचला?"

मग अंकित बोलला, अगदी हळू आवाजात. "दादीचे मेसेज तर आक्कीच वाचती."

शेठ ताडकन उठले. "म्हंजे पोरीनं वाचला अन् मायला सांगितला! बाई, तुम्ही तिला सोडवायला आला अन् तुम्हीच तिला पुरती अडकवली!"

सगळ्यांची तोंडं आकांक्षाकडे वळली. तिच्या कानात एक जुनं वाक्य ऐकू यायला लागलं. नंबर वाच गं, जल्दी. ती मागे सरकली, दाराला धडकली आणि पळाली.

५

ओट्याखाली, सील न तोडलेल्या लाल टाकीला टेकून ती बसली होती. उषाबाईंना खाली वाकणं जमत नसे, तरी त्या भिंतीला धरून धरून तिच्याशेजारी बसल्या.

"मी वाचला," आकांक्षा गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली. "आईला न्हाई सांगितला. दादी दवाखान्यात जायच्या आधी, एकदा ती झोपलेली असताना तिच्याच फोनवर फोन आल्ता. गॅसवाला खाली आलाय, दादीच्या फोनवर नंबर आला असंल, वाच म्हणून. गॅसवाल्याला आम्ही नेहमीच सांगतो ना नंबर? गॅस दादीच्या नावावर आहे. मी इंग्रजी वाचलंच न्हाई, नुसते आकडे वाचले."

"कुणी मागितला?"

आकांक्षानं तोंड गुडघ्यांत आणखी आत घातलं. त्या संध्याकाळी नंबर सांगितल्यावर थोड्याच वेळात भैया जिना चढून आला होता आणि त्याच्या हातात ती आरशाची कंपासपेटी होती. हुशार पोरीला बक्षीस, असं म्हणाला होता. हे तिला आता आठवत होतं असं नाही. ते ती विसरलीच नव्हती. तिला फक्त ते एकाशेजारी एक ठेवून बघवत नव्हतं.

"बरं, नाव नको सांगू," उषाबाई म्हणाल्या. "तू टेकून बसलीस ते काय आहे?"

"टाकी."

"भरलेली?"

"हो. सील आहे अजून. दिवाळीआधी..." ती थांबली. मान वर करून टाकीकडे बघितलं. "आजी, दोन्ही टाक्या भरलेल्या असताना गॅसवाला कशाला येईल?"

"शाब्बास. आता असा विचार कर. खोटं बोलणारा माणूस पटंल असंच खोटं बोलतो. गॅस संपलेला न्हाई हे ज्याला ठाऊक आहे, तो स्वयंपाकिणीच्या पोरीला असलं खोटं सांगंल का? रुचिनं टाक्या मागवल्या. कडूबानं वर आणून लावल्या."

आकांक्षानं टाकीच्या सीलवरून बोट फिरवलं.

"हा अंदाज झाला," उषाबाई उठत म्हणाल्या. "अंदाजानं कुणाला चोर म्हणायचं नसतं. तुझ्या आईला तसंच म्हटलंय सगळ्यांनी. चल. मी एक साधा प्रश्न विचारणार आहे. तू नुसतं ऐक."

६

खोलीत अजून सगळे तसेच उभे होते. शेठ चपला घालत होते. कडूबालाही वर बोलावून घेतलं होतं.

"मूलचंदजी, एक मिनिट. पैसे निघाले तेव्हा तुम्ही तर मांजींसोबत दवाखान्यात होतात, तुम्हाला विचारत न्हाई. बाकीच्यांनी सांगा. घरात गॅसच्या टाक्या किती आहेत?"

"हा काय सवाल झाला?" शेठ म्हणाले.

"दोन," रुचि म्हणाली. "एक चालू, एक सीलबंद. सांगितलं ना मघाशी."

"दोन," कडूबा म्हणाला. "म्याच चढवल्या, पाठ गेली माझी."

"अंकित?"

"असतील दोन." मोबाईल त्याच्या हातात तसाच कल्ला करत होता. "आधीच्या असतील, अन् भाऊबीजेनंतर एक आली ना."

"भाऊबीजेनंतर कुठं आली?" रुचि त्याच्याकडे वळली. "एक बी आली न्हाई. मला न विचारता कोन मागवनार?"

"आली ना. त्या दिवशी संध्याकाळी गॅसवाला..."

आणि तो थांबला. खोलीत फक्त मॅचचा आवाज राहिला. कुणीतरी षटकार मारला होता.

"भाऊबीजेनंतर कुणीतरी ह्या पोरीला फोन केला," उषाबाई म्हणाल्या, आवाज जराही न चढवता. "गॅसवाला आलाय, नंबर वाच, म्हणाला. त्या वेळी तो एटीएममध्ये मांजींचं नवं कार्ड घालून उभा होता. गॅसवाला आलाच नव्हता, टाकी आलीच न्हाई. ह्या घरात एकालाच अजून ती आल्यासारखी वाटते. कारण त्याला ती आलेली हवीय."

रुचिनं अंकितच्या हातातला मोबाईल ओढून घेतला. पडद्यावर खेळाच्या कोपऱ्यात एक आकडा लाल रंगात चमकत होता, त्याच्यापुढं वजाची खूण. तिनं तो पडदा शेठकडे वळवला.

"परत टाकनार होतो," अंकित भिंतीला म्हणाला. "सट्ट्यात एक डाव लागला असता ना, तर सगळे टाकनार होतो. ऑपरेशनच्या आधी. दादीची शप्पत."

"माझी शप्पत नको घेऊ," धापूबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांचा श्वास खोलीभर वाजायला लागला.

शेठ खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते. दार लावून त्यांनी कडी घातली.

"बाई, मी हात जोडतो. घरातली गोष्ट घरात राहू द्या. मी फिर्याद देत न्हाई. आत्ता जातो, दैवशालाला घेऊन येतो. दुकान गहान ठिवीन पन मांचं ऑपरेशन करीन. पन पोराचं नाव बाहेर गेलं तर बाजारात मला कोन उभं करनार?"

"अन् दैवशालाचं नाव? सगळ्या गल्लीनं तिला गाडीत बसताना बघितलंय."

"आम्ही माफ केलं म्हनून सांगू. लोक विसरतात." मग ते आकांक्षासमोर उकिडवे बसले. इतका मोठा माणूस तिच्यासमोर असा कधी बसला नव्हता. "पोरी, दहावीपर्यंत तुझ्या शाळेचा सगळा खर्चा माझ्याकडं. खोली बी तुमचीच. तू फक्त म्हन, फोनवर कोन होतं ते मला आठवत न्हाई. म्हनशील ना?"

आकांक्षानं उषाबाईंकडे बघितलं. उषाबाईंचे डोळे ओले होते, पण त्यांनी मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. "हे गणित मी तुझ्यासाठी सोडवायचं न्हाई, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज आहे. कुठं काढायचा ते तुझं तू ठरव."

आम्ही माफ केलं. म्हणजे आईनं चोरी केली, आणि ह्यांनी माफ केली. दळणाला गेलं की गिरणीत कुणीतरी म्हणणार, सांभाळून, पिशवीत हात घालंल. आणि आई मान खाली घालून भाकरी थापत राहणार. ह्यांच्याच ओट्यावर.

तिनं अंकितकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता आणि अगदी हळू, बाकीच्यांना दिसणार नाही एवढी, मान नकारार्थी हलवत होता. बिस्किटं कुठं असतात विचारताना होता तसाच चेहरा, मायाळू. तेच सगळ्यात वाईट होतं.

पलंगावरून दादीचा हात आला आणि त्यानं आकांक्षाचं मनगट धरलं. थंड हात. त्यात जोर नव्हता, पण पकड होती. तिच्यावर दादीची माया होती, आणि नातवावरही होती. बराच वेळ तो हात तसाच राहिला. मग बोटं एकेक करून सुटली. भिंतीकडे केलेलं तोंड दादीनं वळवलं नाही.

आकांक्षा दाराशी गेली आणि टाचा उंच करून कडी काढली. कुणी तिला अडवलं नाही. जिना उतरून ती खोलीत गेली, परातीतल्या सुकलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि उशाखालची कंपासपेटी काढून घेतली. मग ती बाजारातून निघाली. उषाबाई बऱ्याच मागे राहिल्या होत्या, गुडघे धरत येत होत्या. ती त्यांच्यासाठी थांबली नाही.

ठाण्यात भिंतीजवळच्या बाकावर आई बसली होती. तिच्या हातांना अजून पीठ होतं, वाळून पांढरं झालेलं. पोरीला बघून ती अर्धी उठली. आकांक्षानं तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर रडू आलं असतं. ती सरळ टेबलाशी गेली आणि कंपासपेटी पोलिसांच्या पुढ्यात ठेवली.

"काय आहे हे?"

"बक्षीस. मला नंबर सांगितल्याबद्दल मिळालं होतं. माझं लिहून घ्या."

पोलिसानं आधी तिच्याकडे, मग पेटीकडे बघितलं. कागद ओढला. "नाव?"

"आकांक्षा दैवशाला साबळे," ती मोठ्यानं म्हणाली, बाकापर्यंत आणि बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि मग ती सांगायला लागली.